सेमीकंडक्टरचा मृग बहार

चारुशीलाबाईंच्या क्लासात मुली भूप आळवत होत्या आणि त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला टीव्हीवरचा एक टाय लावलेला माणूस "सेमीकंडक्टर! सेमीकंडक्टर!" म्हणून किंचाळत होता. मुलींचा षड्ज हळूहळू त्या माणसाच्या पट्टीला जाऊन मिळाला. हे लक्षात आलं तेव्हा चारुशीलाबाईंनी पेटीचा भाता बंद केला.

"अहो, त्याचा आवाज कमी करता का?"

"कमी कसा करू? सगळं जग बदलून राहिलं आहे," गोपाळकृष्ण वकील टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

"जग बदलू द्या. माझ्या मुलींचा सूर काहून बदलून राहिला आहे?"

या हॉलचा इतिहास असाच होता. गोपाळकृष्णांनी अमरावतीच्या कोर्टात जन्मभर जमिनीचे दावे चालवले, आणि अशील बसायचे ते याच हॉलमध्ये. एका बाजूला बांधाचं भांडण, दुसऱ्या बाजूला यमन. वाटणीसाठी आलेले सख्खे भाऊ तानपुरा ऐकून रडले आणि तडजोड करून गेले, असंही एकदा झालं होतं. फी बुडाली म्हणून वकीलसाहेबांनी त्या दिवशी तानपुऱ्याकडे फार वाईट नजरेने पाहिलं होतं. वकिली सोडल्यावर हॉल आपला होईल, अशी चारुशीलाबाईंची समजूत होती. पण अशील गेले आणि त्यांच्या जागी शेअर बाजार येऊन बसला. अशील निदान संध्याकाळी घरी तरी जायचे.

म्हणून चारुशीलाबाईंना गच्चीवर क्लाससाठी खोली हवी होती. यंदा तो योग आला. माहेरचा अकोल्याचा प्लॉट विकला गेला आणि सौमित्रदादांनी, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाने, बहिणीचा वाटा चोख तिच्या खात्यात टाकला. मिस्त्री येऊन गच्चीवर खडूने खोली आखून गेला. चार भिंती, एक खिडकी, एक दार. तेव्हापासून चारुशीलाबाई संध्याकाळचा चहा त्या खडूच्या खोलीत घेत आणि आत जाताना आखलेल्या दारातूनच जात. गोपाळकृष्ण एकदा भिंतीतून सरळ आत आले, तेव्हा बाईंनी त्यांना बाहेर जाऊन दारातून यायला लावलं होतं.

या खोलीवर वकीलसाहेबांची नजर पडली होती.

"चारू, वर्षभर थांब. हे पैसे सेमीकंडक्टरमध्ये टाकू. खोलीचा मजला होतो की नाही पाहा."

"म्हणजे नक्की कशात?"

"चिप गं. मोबाइलमध्ये असते, गाडीत असते, मिक्सरमध्ये असते. त्याच्याशिवाय जगाचं पान हलत नाही."

"ते मला कळलं. कोण बनवतं, कसं बनवतं, पैसा कुठून सुटतो, ते सांगा. जे मला समजावून सांगता येत नाही त्यात माझी खोली टाकायची नाही."

हे ऐकून वकीलसाहेब जरा चपापले, कारण हे त्यांचंच वाक्य होतं. सबंध अमरावती जिल्ह्यात ते 'थांबा वकील' म्हणून प्रसिद्ध होते. कोणी जमीन घ्यायला निघाला की ते म्हणत, "थांबा. तीस सालांचे कागद काढू." मालकी बदलाचे फेरफार पाहत, सातबारा पाहत, शेजाऱ्याला भेटत, विहिरीत वाकून पाहत. त्यांच्या हातून व्यवहार कमी झाले, पण झालेला व्यवहार कधी उलटला नाही.

"रविवारी अकोल्यात दादाची एकसष्टी आहे," चारुशीलाबाई म्हणाल्या. "तिथे मला आणि दादाला समजावून सांगा. दोघांना समजलं तर घ्या."

"दादांना कशाला मध्ये?"

"दादानं बँकेत जन्मभर लोकांना कर्ज नाकारलं आहे. त्याला जे पटतं ते टिकतं."

"मंजूर," वकीलसाहेब म्हणाले. ते इतक्या चटकन राजी झाले की बाईंनी त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं. पण तेवढ्यात मुलींनी पुन्हा सूर लावला आणि विषय तिथेच राहिला.

खरी गोष्ट अशी होती की वकीलसाहेबांनी त्याच सकाळी शेअर घेऊन टाकले होते.

कंपनीचं नाव वज्रदीप सेमीकॉन. रोज सकाळी बाजार उघडला की तिचा भाव त्या दिवसापुरत्या ठरलेल्या वरच्या मर्यादेला जाऊन चिकटायचा आणि विकणारा कोणी सापडायचा नाही. त्या दिवशी चुकून कोणीतरी सापडला आणि वकीलसाहेबांचं बोट आपोआप बटणावर पडलं. बाईंचं ते खातं दोघांच्या नावावर होतं, बोट मात्र एकाचंच होतं. तरी त्यांच्या मनाला रुखरुख नव्हती. घेतलेला शेअर विकता येतो, तेव्हा हा काही अंतिम निकाल नव्हे. हा अंतरिम आदेश. अंतिम सुनावणी रविवारी, अकोला मुक्कामी. तोवर सेमीकंडक्टर समजून घ्यायचा, एवढंच काय ते बाकी होतं.

त्यांनी पुतण्याला, केदारला, बंगळुरूला फोन लावला. केदार चिपचाच इंजिनीअर. काकांनी कामाचं काही विचारल्याचा त्याला इतका आनंद झाला की तो पाऊण तास थांबलाच नाही. वकीलसाहेबांना त्यातला फक्त 'वाळू' हा शब्द कळला.

"वाळू म्हणालास? नदीतली?"

"तसंच समजा काका. वाळूतून सिलिकॉन काढतात."

"मग सोपं आहे. वर्धा नदीच्या वाळूघाटांचे दावे मी लढलो आहे. लिलाव कोण करतं?"

लिलावाचं ऐकून केदार सावध झाला. मग म्हणाला, "काका, तुम्ही घेतलेत का कोणते शेअर? कंपनी कोणती?"

"छे, छे. मी तत्त्वतः विचारून राहिलो."

दुसरा दिवस उजाडला आणि वकीलसाहेबांनी आपलं तत्त्व वडाळी तलावावर नेलं. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींवर रंगीत तालीम करावी, असा त्यांचा बेत होता. पण समजावून सांगायला गेले की मध्येच दोरा तुटे आणि ते समोरच्यालाच प्रश्न विचारत. "या धंद्याला पाणी किती लागत असेल हो?" "वीज अखंड मिळेल का?" "धूळ चालत नाही म्हणतात, मग आपल्याकडे कसं व्हायचं?"

फिरणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. थांबा वकील. पाणी विचारतात, वीज विचारतात, धूळ विचारतात. आणि हा माणूस जन्मात उगाच कधी चौकशी करत नाही. तलावाची फेरी पूर्ण व्हायच्या आत ठरलं की नांदगाव पेठच्या एमआयडीसीत सेमीकंडक्टरचा कारखाना येतो आहे आणि जमिनीचे कागद वकीलसाहेबांकडे आहेत.

दुपारी प्लॉटचा दलाल शेखर पेढे घेऊन आला.

"साहेब, मले फक्त एवढंच सांगा, गेट कोनत्या बाजूले येऊन राहिलं?"

"कसलं गेट?"

"जाऊ द्या, नका सांगू. नुस्ती मान हालवा. पूर्वेले?"

"शेखर, असा काही कारखाना नाही. मला काही माहीत नाही."

शेखर प्रसन्न झाला. "समजलं साहेब. वकील मानूस इतक्या साफ नाई म्हनते म्हंजे कागद फायनल झाले."

"अरे, नाही असं मी लिहून देतो!"

"लिहून?" शेखरचे डोळे भरून आले. "लिहून द्यायपर्यंत गोठ गेली काय साहेब? अरे बाप्पा!"

असा तो गेला. वकीलसाहेबांनी जितक्या लोकांना 'नाही' म्हटलं तितकी नांदगाव पेठची जमीन महाग होत गेली. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता, हे त्यांनाही कळत होतं. पण खोटं बोलायचं नाही, हा नियम ऐन वेळी असा आडवा येतो.

आठवड्याच्या मध्याला वरूडचे खुशालराव आले. संत्र्यांच्या बागा, व्यापार, दारात दोन ट्रॅक्टर आणि आवाज तीन शेतांना पुरेल एवढा. त्यांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा वकीलसाहेबांनी जिंकून दिला होता आणि तेव्हापासून दर बहाराची पहिली फळं या घरी यायची. पावसाच्या सुरुवातीला फुललेला मृग बहार आता उतरत होता. खुशालरावांनी पिशवी ठेवली आणि बैठक मारली.

"वकीलसाहेब, मी यंदाचा सौदा करून राहिलो. आलेल्या पैशाचा नांदगाव पेठले प्लॉट घेतो. तुमच्या कारखान्याच्या बाजूले."

आता मात्र वकीलसाहेब घाबरले. अशिलाचं नुकसान त्यांच्याच्याने बघवत नसे. त्यांनी आत डोकावून पाहिलं. चारुशीलाबाई गच्चीवर होत्या. मग त्यांनी खुशालरावांना जवळ ओढलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. कारखाना नाही, कागद नाहीत. फक्त शेअर, तेही खोलीच्या पैशांतून.

खुशालरावांनी संत्र्यांची पिशवी पुन्हा जवळ ओढली. "म्हंजे तुमी वैनीची खोली इकून टाकली?"

"हळू! विकली नाही. गुंतवली."

"अन् वैनीले मालूम नाई?"

"रविवारी समजावून सांगणार आहे. तोवर कोणाजवळ बोलू नका."

"माह्या पोटात गोठ राह्यते, साहेब," खुशालराव छातीवर हात ठेवून म्हणाले. वरूडमध्ये कोणती बातमी लवकर पसरवायची असली की लोक ती खुशालरावांना गुपित म्हणून सांगत, हे वकीलसाहेबांना ठाऊक नव्हतं.

रविवारी अकोल्याला जायचं ते खुशालरावांच्याच गाडीतून. सौमित्रदादांची शेवटची नेमणूक वरूड शाखेत होती. तिथे त्यांनी खुशालरावांचा कर्जाचा अर्ज इतक्या वेळा नाकारला की शेवटी दोघांची दोस्ती झाली. त्यामुळे खुशालराव एकसष्टीचे मानाचे पाहुणे होते, आणि गाडीच्या मागे संत्र्यांनी भरलेली प्लास्टिकची कॅरेटं रचलेली होती.

बडनेरा मागे पडलं तसा वकीलसाहेबांनी केदारकडून उतरवून घेतलेल्या मुद्द्यांचा मनात पाठ सुरू केला. आराखडा, मग कारखाना, मग बांधणी आणि तपासणी. मूर्तिजापूरपर्यंत त्यातला कारखाना गळाला. बोरगावच्या पुढे आराखडाही आठवेना.

"काहून गप्प आहात?" मागून चारुशीलाबाईंनी विचारलं.

"मुद्दे जुळवून राहिलो."

"दादा फोनवर म्हणत होता, तुमच्यासाठी खास सोय केली आहे."

ती सोय मांडवात शिरताच दिसली. माइक. त्याच्या मागे कापडी फलक, 'सेमीकंडक्टर : काल, आज, उद्या'. खाली वकीलसाहेबांचं नाव, आणि नावापुढे 'उद्योगतज्ज्ञ'. अमरावतीची बातमी अकोल्याला वकीलसाहेबांच्या आधीच पोचली होती.

"गोपाळराव, इतकं मोठं काम करून राहिले आणि आम्हाला सांगितलंही नाही?" सौमित्रदादा कौतुकाने म्हणाले. "माझं औक्षण झालं की लगेच तुमचं व्याख्यान. जेवण नंतर. जेवणाआधी ठेवलं की लोक जात नाहीत."

समोर दादांचे बँकेतले मित्र बसले होते. सगळे निवृत्त अधिकारी. पश्चिम विदर्भातला कर्ज नाकारण्याचा एवढा मोठा अनुभव एका मांडवात पूर्वी कधी जमला नसावा.

औक्षण झालं. दिव्यांचं ताट आत गेलं. वकीलसाहेब माइकसमोर उभे राहिले. पहिल्या रांगेत चारुशीलाबाई, हातात रुमाल, चेहऱ्यावर फक्त ऐकण्याची तयारी.

"मित्रहो, सेमीकंडक्टर म्हणजे अर्धवाहक. म्हणजे, वीज अर्धी जाते आणि अर्धी..." ते थांबले. अर्धी कुठे जाते, ते केदारने सांगितलं होतं की नव्हतं? "मुळात ही वाळू आहे."

"तारण काय?" मागून एका निवृत्त शाखाधिकाऱ्याने विचारलं.

"प्रश्न शेवटी," सौमित्रदादा म्हणाले.

"शेवटी विचारून काय उपयोग? तोवर पैसे गेलेले असतात."

मांडवात खसखस पिकली. वकीलसाहेबांनी माइक उगाच खालीवर केला. जन्मभरात एकदाही कोर्टाने त्यांना निरुत्तर केलं नव्हतं, आणि इथे सासुरवाडीचा मांडव करून राहिला होता. मदतीसाठी त्यांची नजर इकडेतिकडे गेली आणि मांडवाच्या कडेला रचलेल्या कॅरेटांवर थांबली. जमिनीच्या दाव्यात न्यायाधीशाला काही उमगत नसलं की ते जागेची पाहणी मागत. त्यांनी आता तेच केलं.

"खुशालराव, एक कॅरेट इकडे आणा."

खुशालरावांनी भरलेलं कॅरेट आणून टेबलावर आदळलं. वकीलसाहेबांनी त्यातलं एक संत्रं उचललं आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला.

"ही चिप समजा. आता संत्र्याच्या धंद्यात किती माणसं असतात? एक कलम तयार करणारा. जात कोणती, खुंट कोणता, हे तो ठरवतो. त्याला वावर लागत नाही, डोकं लागतं. चिपमध्ये त्याला आराखडा करणारा म्हणतात. आमचा केदार त्यातलाच."

"आपला केदार? माली झाला काय?" खुशालरावांनी विचारलं.

"ऐका हो. दुसरा बागवाला. हा कारखाना. याला सगळ्यात जास्त पैसा लागतो, पाणी लागतं, वीज लागते, आणि लावल्याबरोबर फळ येत नाही. पाच-सहा वर्षं नुसतं पोसायचं. तिसरा निवड करणारा, बांधणारा, तपासून पाठवणारा. आपल्या देशात सध्या याची घाई आहे, कारण बागेपेक्षा हे लवकर उभं राहतं."

रुमाल खाली ठेवून चारुशीलाबाई पुढे सरकल्या. "आणि पैसा कुठे सुटतो?"

"फळगळीत!" वकीलसाहेब जवळजवळ ओरडले. त्यांना स्वतःलाच हे त्या क्षणी समजलं होतं. "सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकदम पिकतात. त्यातल्या कामाच्या किती निघाल्या, आणि गळून किती पडल्या, त्याच्यावर नफा. धुळीचा एक कण पडला की फळ गेलं."

"म्हंजे आमच्यासारखंच म्हना न," खुशालराव भारावून म्हणाले. "बाहेरून बाग हिरवीगार दिसते, खाली पाहा तं सडा."

"आणि भाव?" मघाचे तारणवाले उठून उभे राहिले.

"भाव चढला की सगळे बाग लावतात. सगळ्यांच्या बागा एकदमच फळाला येतात. मग भाव पडतो आणि लोक झाडं तोडतात. तोडली की पुन्हा भाव चढतो. चिपचं अगदी असंच. चढलेल्या भावात धावत जो येतो तो तोडायच्या वेळी पोचतो."

हे वाक्य वकीलसाहेबांनी स्वतःही ऐकलं. रोज वरच्या मर्यादेला चिकटणारा एक भाव त्यांना आठवला. पण मांडव आता हातात आला होता आणि टाळ्या सोडवत नव्हत्या.

"मग यात बिनघोर कोण?" सौमित्रदादांनी विचारलं. जन्मभराचा प्रश्न होता तो.

वकीलसाहेबांनी कॅरेटमधली संत्री टेबलावर ओतली आणि रिकामं कॅरेट दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं.

"हा! कॅरेटवाला! बहार येवो, जावो. भाव चढो, पडो. बाग कोणाचीही असो. फळ निघालं की याच्याकडे यावंच लागतं. चिपमध्येही असे लोक आहेत, यंत्रं पुरवणारे, रसायनं पुरवणारे. समजत नसलेल्या माणसाने आधी कॅरेटवाला शोधावा!"

मांडवात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आत आचाऱ्याला वाटलं, पंगत बसली. सौमित्रदादांनी मान डोलावली. त्यांच्या मित्रांनी एकमेकांना म्हटलं की हा माणूस अर्ज घेऊन आला असता तर विचार केला असता. फक्त चारुशीलाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या डोळे बारीक करून हवेत धरलेल्या कॅरेटाकडे पाहत होत्या.

"अहो, ते जरा फिरवा बघू. काय लिहिलंय त्याच्यावर?"

वकीलसाहेबांनी कॅरेट खाली घेतलं. बाजूला प्लास्टिकमध्येच उठावाची अक्षरं होती आणि शेजारी दिव्याची खूण. तीच खूण, रोज सकाळी फोनवर हिरव्या रंगात दिसणारी. वज्रदीप.

"वज्रदीप म्हणजे तुमचीच ना ती, टीव्हीवरची?" बाईंनी विचारलं. "जिचं नाव तुम्ही झोपेत घेता?"

"नावात साम्य असेल," वकीलसाहेब म्हणाले. माइक चालू होता, त्यामुळे हे कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"साम्य नाई साहेब, थेच हाय!" खुशालरावांना मदत करायची हुक्की आली. "मी वर्षानुवर्षं यायचीच कॅरेटं घेऊन राहिलो. मागच्या साली एजंट म्हने, आता कंपनीचं नाव बदललं, सेमीकॉन का काय झालं. मी म्हनलं, कॅरेट तं थेच देनार न? थो म्हने, हो थेच. मले काय मालूम तुमी थ्याच वज्रदीपचे शेअर घेतले म्हून!"

खुशालरावांनी आपलं तोंड दोन्ही हातांनी झाकलं, पण गुपित तोवर शेवटच्या रांगेतल्या मंगरूळपीरच्या पाहुण्यांपर्यंत गेलं होतं.

"घेतले?" चारुशीलाबाईंनी फक्त एवढाच शब्द उच्चारला.

वकीलसाहेबांनी अंतरिम आदेश आठवून पाहिला. तो टिकण्यासारखा वाटेना. त्यांनी केदारला फोन लावला आणि तोही नेमका माइकजवळ धरला.

"वज्रदीप सेमीकॉन? काका, त्यांची एकही चिप अजून निघालेली नाही. प्लास्टिकची क्रेटं करतात. नाव बदलल्यावर म्हणाले, या क्षेत्रात उतरण्याचा विचार चालू आहे. नुसत्या विचारावर भाव चढला. तुम्ही नाही ना घेतलेत?"

"तत्त्वतः घेतलेत," वकीलसाहेब म्हणाले आणि फोन बंद केला.

खुशालरावांना आता राहवेना. "वकीलसाहेब, एक बोलू? माह्या धुऱ्यापायी तुमी तीस सालाचे फेरफार काढले. माह्या बापाची सही, आज्याचा आंगठा, सगळं पाह्यलं. अन् या कंपनीचा एका सालाचाबी फेरफार नाई पाह्यला?"

थांबा वकील खुर्चीवर बसले. त्यांना एवढं रिकामं कोणत्याही उलटतपासणीत वाटलं नव्हतं. हातात कॅरेट तसंच होतं. सौमित्रदादा घसा साफ करून म्हणाले, "गोपाळराव, हा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी नाकारला असता." दादांकडून याहून मऊ बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

चारुशीलाबाई उठल्या. टेबलाशी आल्या. नवऱ्याच्या हातातलं कॅरेट घेतलं, उलटं केलं, बुडावर बोटाने टिचकी मारली, कानाशी नेऊन नाद ऐकला.

"खुशालभाऊ, हे कॅरेट किती वर्षं टिकतं?"

"वैनी, माह्या ट्रॅक्टरखाली आलं होतं हे. ट्रॅक्टर दुरुस्तीले टाकला."

बाईंनी कॅरेट खाली ठेवलं. "मला समजलं," त्या म्हणाल्या. "कलम समजलं, बाग समजली, फळगळ समजली. चढत्या भावात धावत कोण येतं तेही समजलं, ते घरातच आहे. दादा, तुला समजलं?"

"समजलं."

"मग अट पूर्ण झाली. आता निकाल मी देते. उद्या बाजार उघडला की खोलीपुरते शेअर विकायचे. अजून तरी धावत येणारे पुष्कळ आहेत ना?"

"रांग लागली आहे," वकीलसाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"खोलीचे पैसे निघून वर जे उरतील ते राहू द्या."

"राहू देऊ? अगं, पण त्यांच्याकडे सेमीकंडक्टर नाही!"

"त्यांच्याकडे कॅरेट आहे. बिनघोर कोण म्हणून आत्ता तुम्हीच डोक्यावर घेऊन नाचलात."

पंगत बसली. वकीलसाहेबांना वाटलं होतं की आपल्याला आता कोणी विचारणार नाही. पण उलटंच झालं. एकेक निवृत्त अधिकारी ताट घेऊन शेजारी येऊन बसे आणि दबक्या आवाजात विचारी, "ती फळगळ पुन्हा एकदा सांगा हो. माझ्या मुलाने पण असंच काहीतरी घेऊन ठेवलं आहे." वकीलसाहेब सांगत गेले. सांगता सांगता जिलबीही आग्रहाने वाढली जात होती, आणि वाढणाऱ्या चारुशीलाबाई होत्या, हे पाहून त्यांना जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी शेअर विकले गेले. सिमेंट आलं, विटा आल्या, खडूच्या रेघांवर भिंती चढल्या. पुढे वज्रदीपच्या भावाची फळगळ सुरू झाली ती बरेच दिवस थांबली नाही. चारुशीलाबाईंनी भाव बघून विकले असं अमरावतीत आजही मानलं जातं. त्यांनी मिस्त्री दुसऱ्या कामाला जाईल म्हणून घाई केली होती, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. नांदगाव पेठला कारखाना न आल्याचं शेखरला फारसं दुःख झालं नाही. तो म्हणतो, साहेब अजूनही नाही म्हणतात, म्हणजे अजून आशा आहे.

हॉल रिकामा झाला. पण तो फार दिवस तसा राहिला नाही. रविवारी सकाळी वडाळी तलावावरची मंडळी तिथे जमू लागली. कोणी मुलाचे पैसे, कोणी पेन्शन घेऊन विचारायला येई, आणि वकीलसाहेब टेबलावर संत्रं ठेवून म्हणत, "थांबा. कंपनी काय बनवते ते आधी बायकोला समजावून सांगा. नुसतं नाव सांगू नका." संत्र्याचा मोसम संपला तेव्हा त्यांनी मोसंबीवर भागवलं. केदारने एका सुट्टीत येऊन हे ऐकलं आणि पुढच्या वेळी आपल्या ऑफिसात नव्या लोकांना समजावताना फळगळच सांगितली म्हणे.

अशाच एका सकाळी वकीलसाहेबांचा फोन वाजला. वज्रदीपने पुन्हा नाव बदललं होतं. सेमीकॉन गेलं होतं आणि शेवटी 'एआय' लागलं होतं. उरलेले थोडे शेअर अजून चारुशीलाबाईंच्या हुकमाने घरातच होते. वकीलसाहेब फोन घेऊन तसेच जिना चढले, धापा टाकत गच्चीवर गेले आणि खोलीत शिरले. मुली आता अगदी स्वच्छ सुरात भूप गात होत्या.

"चारू! त्यांनी पुन्हा फेरफार केला! आता एआय झाले!"

चारुशीलाबाईंनी पेटीवरचा हात काढला नाही.

"कॅरेट बनवतात ना अजून?"

"बनवतात."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "आणि जाताना दार लावून घ्या. आता ते खरं आहे."